‘पिल’ की ‘बिल’? ऐरोलीतल्या एका व्हॉइस प्रोसेसचं प्रकरण

(माणसं आणि कंपनी ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. उच्चारांचे तपशील जसेच्या तसे ठेवले आहेत.)

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका आयटी पार्कात अमेरिकन आरोग्य विम्याची एक व्हॉइस प्रोसेस, म्हणजे फोनवरून ग्राहकांना मदत करायचं काम, चालते. तिकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा इकडे संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. म्हणजे ऐरोली स्टेशनातून बाकीचं जग घरी निघतं त्या सुमारास या मुलामुलींची शिफ्ट सुरू होते. टीममध्ये बहुतेक मराठी बोलणारे: कळव्याचे, घणसोलीचे, डोंबिवलीचे, दोघे-तिघे थेट जळगाव-धुळ्याकडून येऊन रबाळ्यात भाड्याने राहणारे. एक गुजराती मुलगा, आणि नेरूळमध्ये वाढलेली एक तमिळ मुलगी.

काम साधं आहे. ग्राहक फोन करतो, सभासद क्रमांक सांगतो, एजंट तो परत वाचून दाखवतो, मग औषधाचा किंवा बिलाचा प्रश्न सोडवायचा. सभासद क्रमांकात अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात.

मी भाषेच्या प्रशिक्षणाची कामं बाहेरून घेते. मला बोलावलं तेव्हा क्वालिटी विभागाने निदान आधीच करून ठेवलं होतं: एमटीआय. म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. या धंद्यात हा शब्द तापासारखा वापरतात. काय झालंय ते कळत नाही, पण काहीतरी झालंय एवढं सांगता येतं.

अडचण

तक्रारी दोन प्रकारच्या होत्या. एक, सभासद क्रमांकातली अक्षरं चुकत होती. पी सांगितला की बी लिहिला जाई, बी सांगितला की पी. टी आणि डीचंही तेच. दुसरी, एजंट काय म्हणतो तेच ग्राहकाला कळत नसे.

एक रेकॉर्डिंग मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. एजंट धुळ्याकडचा, इंग्रजी स्वच्छ, व्याकरण चोख. त्याने वयस्कर बाईंना विचारलं, ‘‘डिड यू रिसीव्ह युवर पिल्स, मॅम?’’ बाई म्हणाल्या, हो, आणि ती फार जास्त आहेत, मला परवडत नाहीत. एजंटने नम्रपणे सुचवलं की डोस डॉक्टरांशी बोलून कमी करता येईल. त्यावर बाई भडकल्या. डोसचा काय संबंध? त्या बिलाबद्दल बोलत होत्या. पुढची चार मिनिटं दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

टीम लीडरचं म्हणणं, पोराने ‘पिल्स’ नीट म्हटलंय, बाईंनाच ऐकू येत नसेल. मलाही ‘पिल्स’च ऐकू आलं. तुम्हालाही तेच येईल. कारण आपला कान मराठी.

मुळाशी काय होतं

शाळेत मराठीच्या तासाला कठोर वर्ण आणि मृदू वर्ण पाठ करून घेत. क, ट, त, प कठोर. ग, ड, द, ब मृदू. हे नुसतं नाव ठेवणं नाही. घशावर बोट ठेवून ‘ब’ म्हणायला लागा: ओठ उघडण्याआधीच घसा गुणगुणायला लागलेला असतो. ‘प’ला तसं होत नाही. प्रातिशाख्यांनी, म्हणजे वेदांच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांनी, हा भेद कंठ मिटलेला की उघडा यावरून मांडला आहे. मिटला की नाद, उघडा असला की श्वास.

आता यात वेळेचा हिशेब घाला. दोन घटना आहेत, ओठ उघडणं आणि कंठ थरथरू लागणं. मराठी ‘ब’मध्ये कंठ साधारण शंभर-एक मिलिसेकंद आधी सुरू होतो. ‘प’मध्ये दोन्ही जवळपास एकदम. ‘फ’मध्ये (जुन्या, दोन्ही ओठांच्या ‘फ’मध्ये) ओठ आधी उघडतात, हवेचा झोत जातो, मग कंठ. उरला ‘भ’, त्यात नादही आणि झोतही.

1964 मध्ये लिस्कर आणि अब्रॅमसन या दोन संशोधकांनी 11 भाषांमध्ये नेमकं हेच अंतर मोजलं. त्यात चार प्रकारांच्या भाषा म्हणून हिंदीबरोबर मराठीही होती. अमेरिकन इंग्रजीत शब्दारंभीच्या ‘पी’ला त्यांना सरासरी 58 मिलिसेकंदांचा उशीर सापडला, ‘टी’ला 70, ‘के’ला 80. आणि इंग्रजी ‘बी’? बहुतेकदा 1. ‘डी’ 5. म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचा अमेरिकन ‘बी’ पुष्कळदा आपल्या ‘प’च्या घरात येऊन बसतो, आणि त्यांचा ‘पी’ आपल्या जुन्या ‘फ’च्या शेजारी.

प्रकरणाची किल्ली इथे आहे. धुळ्याच्या मुलाने स्वच्छ मराठी ‘प’ने ‘पिल्स’ म्हटलं. बाईंच्या कानाने झोत शोधला, तो मिळाला नाही, म्हणून तो आवाज ‘बी’च्या खात्यात टाकला. उलट त्या ‘बी’ म्हणत तेव्हा आपली मुलं गुणगुण शोधत, ती पुरेशी नसे, म्हणून ‘पी’ लिहीत. भर म्हणून फोन. टेलिफोनच्या जुन्या दर्जाच्या लाइनवर 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. कंठाची मूळ थरथर पुरुषांत शंभराच्या थोडी वर, बायकांत दोनशेच्या आसपास. ज्या गुणगुणीवर आपण ‘ब’ ओळखतो तिलाच ही तार बरीचशी गाळून टाकते.

खात्री करायला एक आडवी वाट सापडली. या विम्याच्या ग्राहकांत स्पॅनिश घरातले बरेच लोक आहेत. स्पॅनिशमध्ये ‘प’ आपल्यासारखाच, झोताशिवाय, आणि ‘ब’ आपल्यासारखाच आधीपासून गुणगुणणारा. त्यांचे कॉल वेगळे काढून ऐकले. तिथे पी-बीचा घोळ क्वचित. त्याच एजंटांचं तेच इंग्रजी, आणि तिथे कुणाला एमटीआय नव्हता.

समोरचे पर्याय

बैठकीत चार गोष्टी टेबलावर आल्या.

पहिली सर्वांत स्वस्त: प्रत्येक अक्षराला ठरलेला शब्द. विमानवाहतुकीत 1956 पासून चालत आलेली अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही वर्णमाला सक्तीची करायची. तोवर फ्लोअरवर ज्याची त्याची वर्णमाला होती. पी फॉर पुणे, डी फॉर दिल्ली. ओहायोतल्या आजोबांना पुणे काय ठाऊक? ही सक्ती हवीच, यावर दुमत नव्हतं. पण तिने फक्त अक्षरं सुटतात, ‘पिल’ आणि ‘बिल’ नाही. शिवाय कॉलचा सरासरी वेळ वाढतो, आणि त्यावर क्लायंटचं बारीक लक्ष.

दुसरी, पूर्ण ‘अ‍ॅक्सेंट न्यूट्रलायझेशन’. एका पुरवठादाराने त्याचा भरगच्च प्रस्ताव दिला होता: र जिभेवर कसा वळवायचा इथपासून हवामानावर गप्पा कशा मारायच्या इथपर्यंत. माझा विरोध खर्चामुळे नव्हता. बिघाड एका जागी असताना सगळं तोंड बदलायला सांगितलं की मुलं धड इकडची राहत नाहीत, धड तिकडची होत नाहीत. घाबरलेला आवाज फोनवर लगेच कळतो.

तिसरी, बोलता बोलता उच्चार बदलून देणारं सॉफ्टवेअर. क्लायंटकडे त्याची चाचणी चालूच होती, निर्णय त्यांच्या हातात. तो विषय तिथेच थांबला.

चौथी गोष्ट एचआरकडून हळूच आली. पुढच्या भरतीत मराठी माध्यमाची मुलं गाळावीत का? हा निर्णयाचा खरा क्षण होता. इथे ‘बरं, बघू’ म्हटलं असतं तर पुढे कुणी काही विचारलंच नसतं. मी एवढंच केलं: इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तिघांचे ‘पी’ मोजून दाखवले. त्यासाठी प्राट नावाचं, अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. आवाजाची लहर पडद्यावर येते, ओठ उघडल्याची टोकदार रेघ आणि कंठाच्या लाटा यांतलं अंतर कर्सरने मोजता येतं. तिघांच्याही ‘पी’मध्ये अंतर जवळपास नव्हतंच. माध्यम कुठलंही असो, आपण सगळे इंग्रजी पाटीवरून शिकलो: पी म्हणजे प, आणि झोत हवा असेल तर पुढे एच काढतात. मग ‘टेन’मध्ये एच नाही, तर झोत कशाला द्यायचा? एचआरने मुद्दा मागे घेतला. निदान त्या बैठकीत.

ठरलं ते असं: वर्णमाला सगळ्यांना सक्तीची, आणि जोडीला फक्त एका गोष्टीचं प्रशिक्षण. शब्दाच्या सुरुवातीला प, ट, क यांना झोत द्यायचा, आणि ऐकताना गुणगुण न शोधता झोत शोधायचा.

अंमलबजावणी

मराठी माणसाला झोत शिकवावा लागत नाही, ही या प्रकरणातली सोय. ठ आणि ख आपल्या घरचेच. ‘टेन’ऐवजी ‘ठेन’, ‘कोड’ऐवजी ‘खोड’ म्हणा, असं सांगितलं आणि प्राटवर अंतर लगेच वाढलेलं दिसलं. इंग्रजांना तरी कुठे दोन वेगळे ऐकू येत होते? 1853 च्या पहिल्या रेल्वेच्या वेळी त्यांच्या लिखाणात ठाण्याचं स्पेलिंग साध्या ‘टी’ने असे. आपल्या ट आणि ठ या दोघांसाठी त्यांच्याकडे एकच अक्षर.

आणि तरीही वर्गात कुणी तोंड उघडेना.

‘‘मॅम, असं ‘ठाइम’ वगैरे बोलले तर घरी हसतील,’’ कळव्याची एक मुलगी म्हणाली. टीम लीडरही तिच्या बाजूने. ‘‘आम्ही लहानपणी असं बोलणाऱ्याला गावठी म्हणायचो हो.’’ बरोबरच होतं त्यांचं. आपल्याकडे इंग्रजी शब्दाला झोत दिला की तो अडाणीपणा समजतात. चारचौघांत तसं बोलणाऱ्याची नक्कल होते. जो उच्चार न्यू जर्सीत स्वच्छ वाटतो तोच घणसोलीत विनोदी. व्याख्यान देऊन हे जाणार नव्हतं. मग अमेरिकन ग्राहकांचेच ‘टाइम’, ‘कार्ड’, ‘टेन’ कापून, अर्ध्या वेगाने, हेडसेटवर ऐकवले. संथ केलेला तो ‘टाइम’ ऐकून मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘‘अरे, हा पण ठाइमच म्हणतोय की!’’ तिथून गाडी सुटली.

खरी अडचण ‘प’ने केली. ठ आणि ख शाबूत आहेत, पण फ नाही. शहरी मराठीत तरुण पिढी ‘फळ’, ‘फूल’ खालचा ओठ दाताला लावून म्हणते, म्हणजे इंग्रजी एफ. त्यांना ‘पिल’चा ‘प’ फसारखा म्हणा असं सांगितलं की मिळतं ‘फिल’. आणि औषधांच्या दुकानात ‘फिल’, ‘रिफिल’ हे रोजचे शब्द! पिल, बिल आणि फिल, तिन्ही एकाच कॉलमध्ये खपून जातील असे. एक गोंधळ काढायला गेलो तर दुसरा दारात.

तोडगा वर्गातच सापडला, आणि तो सर्वस्वी मराठी आहे. ‘पहिला’ हा शब्द घाईत म्हणा. त्यातला ‘प’नंतरचा अ गिळला जातो, ‘प’ आणि ‘ह’ एकमेकांना चिकटतात. आता शेवटचा आ सोडा. उरतं ते बऱ्यापैकी अमेरिकन ‘पिल’. ओठाला दात लागण्याचा प्रश्नच नाही, कारण डोक्यात ‘फ’ नसून ‘प’ आहे. धुळ्याच्या मुलाने ते दहा वेळा म्हटलं, मग ‘पे’, ‘पेन’, ‘पॉलिसी’ त्याच चालीवर घेतले. ‘पॉलिसी’ला वेळ लागला, तो शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की एलआयसीच्या एजंटाच्या तोंडून ऐकल्यासारखाच बाहेर येतो.

मग अपेक्षेप्रमाणे अतिरेक झाला. ‘स्फीक’, ‘स्ठेट’, ‘स्खूल’. इंग्रजीत सच्या मागून येणाऱ्या प-ट-कला झोत नसतो. तिथे आपला साधा उच्चारच योग्य. ‘हॅपी’, ‘डॉक्टर’ यांच्या मधल्या व्यंजनांनाही नको. ‘अपॉइंटमेंट’मध्ये मात्र हवा, कारण जोर तिथे आहे. नियम एका ओळीचा केला: शब्दाच्या किंवा जोराच्या तोंडाशी झोत द्या, सच्या पाठीमागे सोडून द्या.

तमिळ मुलीसाठी हे सगळं निरुपयोगी होतं. तमिळमध्ये झोताचे वर्ण नाहीतच, आणि प-बलाही एकच अक्षर. शब्दारंभी ते कठोर, अनुनासिकानंतर मृदू, दोन स्वरांमध्ये बरंच सैल. कुठे कसं ते जागेवरून ठरतं. हिंदी लहानपणापासून बोलत असल्याने तिचे ब-प ठीक होते, पण ‘ठ’चं उदाहरण देऊन तिच्याकडून काही निघत नव्हतं. तिच्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरली. पट्टी हलली की पास. शेवटी तिचेच उच्चार सर्वांत नेमके आले, कारण तिला ठ-टच्या जुन्या सवयी मोडायच्या नव्हत्या.

कोरियन मालिका बघून ती भाषा शिकणारी एक मुलगी होती. तिचा प्रश्न, एकाच शहराला कुणी पुसान आणि कुणी बुसान का लिहितं? तिथला तो वर्ण शब्दारंभी अघोष (आपल्या भाषेत कठोर) आणि दोन स्वरांमध्ये सघोष (मृदू) असतो, त्यामुळे रोमन लिपीत कुठलंही एक अक्षर निवडलं तरी अर्धीच गोष्ट सांगितली जाते. 2000 मध्ये कोरियाने लिप्यंतराचे नियम बदलले आणि पाट्यांवर बी आला; लोकांचा उच्चार तोच राहिला. चिनी राजधानीच्या नावातला बीसुद्धा चिनी तोंडात आपला ‘प’च असतो. हे अभ्यासक्रमात नव्हतं. पण त्यानंतर वर्गात ‘माझं इंग्रजी वाईट आहे’ हे वाक्य जवळजवळ बंद झालं, म्हणून मी अशा गप्पांना वेळ देते.

ऐकण्याच्या बाजूला कमी यश आलं. शब्दाच्या शेवटी तर कसोटीच. अमेरिकन ‘बेड’मधला शेवटचा डी जेमतेम सघोष असतो, ‘बेट’पासून तो वेगळा कळतो मुख्यत्वे आधीच्या स्वराच्या लांबीवरून. जर्मन भाषा तर शेवटचा नाद काढूनच टाकते, तिथे ‘चाक’ आणि ‘सल्ला’ यांचे शब्द, स्पेलिंग वेगळं असून, सारखेच ऐकू येतात. आपण व्यंजन ऐकत बसतो, आणि खूण स्वरात ठेवलेली असते. ‘लॅटर’ आणि ‘लॅडर’ तर बहुतेक अमेरिकन तोंडात एकच होतात. तिथे कान कितीही तयार केला तरी उपयोग नाही, संदर्भावरूनच ओळखायचं.

काय निष्पन्न झालं

अक्षरांच्या चुका झपाट्याने कमी झाल्या. पण त्याचं श्रेय उच्चारांना कमी आणि ब्राव्हो-पापाच्या वर्णमालेला जास्त. हे मी अहवालात स्पष्ट लिहिलं; कंपनीला ते फारसं रुचलं नाही, कारण प्रशिक्षणाचे पैसे तर उच्चारांवर गेले होते. उच्चारांचा परिणाम दिसला तो ‘‘सॉरी, से दॅट अगेन?’’ कमी होण्यात. क्लायंटने टी आणि केबद्दल पुन्हा तक्रार केली नाही. पीबद्दल केली, दोन एजंटांच्या बाबतीत. त्यांचं ‘फिल’ काही सुटलं नाही. त्यांना ‘पिल’ टाळून ‘टॅब्लेट्स’ म्हणायची मुभा दिली. ठने सुरू होणारा शब्द, प्रश्न मिटला. हा तोडगा पुस्तकी नाही, पण शिफ्ट चालू असताना तोच चालतो.

धुळ्याचा मुलगा आता नव्या बॅचला ‘पहिला’ शिकवतो.

पुन्हा करायचं झालं तर

बोलण्याआधी ऐकणं घ्यावं. आधी अमेरिकन ‘बी’ कापून ऐकवला आणि तो आपल्याला ‘प’ का वाटतो हे दाखवलं, तर ‘गावठी’चा अडसर कदाचित उभाच राहणार नाही. नमुने स्टुडिओतले नकोत, फोनच्या लाइनवरचेच हवेत. स्वच्छ ध्वनिमुद्रणावर जो ‘ब’ कळतो तो तारेवर कळेलच असं नाही. नेमका याच कारणाने एफ आणि एस यांचाही गोंधळ होतो, सची सळसळ बरीचशी 3400 हर्ट्झच्या वर राहते. आमच्या योजनेत त्याला जागाच नव्हती.

आणि एक प्रश्न क्लायंटला पहिल्याच बैठकीत विचारायला हवा: सभासद क्रमांकात बी, डी, पी, टी ठेवायचेच कशाला? इंग्रजीत ही अक्षरं, सी, ई, जी, व्ही आणि अमेरिकन झीसकट, एकाच स्वरावर संपतात. बोलून सांगायच्या क्रमांकात त्यांना घेणं म्हणजे घोळाला आमंत्रण, मग फोनवर मराठी माणूस असो की टेक्ससचा. शेवटी आम्ही तो प्रश्न विचारला. नव्या सभासदांच्या क्रमांकांबाबत ‘विचार करू’ असं उत्तर आलं आहे. भरतीच्या अर्जावर एमटीआयचा रकाना अजून आहे. त्यात आता कुठला आवाज, कुठल्या जागी, हे लिहिणं सक्तीचं केलंय. बहुतेक मुलाखतकार तो रिकामाच सोडतात.